पिंजऱ्यात दूधभात

चहा आधी पिऊन घ्या. पुढं जे सांगणार आहे ते ऐकल्यावर माझ्या दुकानातल्या साखरेचा चहा तुमच्या घशाखाली उतरेल की नाही, याची मला खात्री नाही. माणसाची फजिती होते, मान्य. पण स्वतःच्या हातानं पिंजरा मांडून, त्यात स्वतःची अब्रू अडकवणारा तालुक्यात मी एकटाच असेन.

पेडगावात आमचं किराणा दुकान. पुढं दुकान, मागं घर, घरामागं गोठा. गाव मला वैजनाथअप्पा म्हणतं. आम्ही लिंगायत. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या साधं अंडं आलेलं नाही. गिऱ्हाईक अंडी मागतं तेव्हा मी हातानं नुसता चौक दाखवतो, तोंडानं तो शब्दही काढत नाही. एवढा कडक माणूस मी. हे लक्षात ठेवा, कारण पुढं कुणी ठेवलं नाही.

आमच्या घरात एक बोका आहे, बाळू. आईनं त्याला डोळे उघडायच्या आधी उचलून आणला आणि दूधभातावर वाढवला. किराणा दुकानातलं मांजर म्हणजे उंदरांचा काळ असावं की नाही? आमच्या बाळूसमोरून उंदीर गेला तर तो बाजूला सरकून त्याला वाट द्यायचा. आईला त्याचा कोण अभिमान. आल्यागेल्याला सांगायची, "माझा बाळू कशाला शिवत न्हाई. श्रावणात तर एकदाच खातो."

आमच्या शेजारी जनाबाई राहते. तिला मी जनाक्का म्हणतो. शेत, दोन म्हशी आणि डझनभर गावरान कोंबड्या असा तिचा संसार. आमच्या दोघांत फक्त एक पडकी भिंत. यंदा श्रावण लागायच्या तोंडावर तिच्या कोंबड्या एकेक करून गायब व्हायला लागल्या. तिसरी गेली तेव्हा जनाक्का हातात चार पिसं घेऊन थेट दुकानात आली.

"अप्पा, तुमच्या बोक्याला पोत्यात घाला अन् नदीच्या पल्याड सोडून या."

"बाळूला? अगं, तो दूधभात खातो."

"मग माझ्या कोंबड्या काय सासरी गेल्या?"

दुकानात सातआठ गिऱ्हाइकं. त्यातला एक म्हणाला, "अप्पा, तुमच्या मांजराच्या गळ्यात पण लिंग बांधलंय का?" सगळे हसले. आता मला सांगा, माणसाचं डोकं फिरेल की नाही? मी गल्ल्यावरून उठलो आणि जाहीर करून टाकलं, "रानमांजर आहे हे. सोमवारपर्यंत जिवंत धरून दाखवतो. नाही दाखवलं तर बाळूला मी स्वतः सोडून येतो."

आतून आईनं भांडं आपटलेलं मला स्पष्ट ऐकू आलं. कारण सोमवार म्हणजे श्रावणी सोमवार, आणि त्या दिवशी आमच्याकडं स्वामी जेवायला यायचे होते. स्वामींची पाद्यपूजा होते, ते जेवतात, मग आम्ही जेवतो. आमच्या घरात वर्षातला यापेक्षा मोठा दिवस नाही. आणि मी त्याच दिवशी बोक्याचा निकाल लावून ठेवला होता.

वनखात्यातले कदम गार्ड माझे गिऱ्हाईक. ते मोटरसायकलला बांधून पिंजरा घेऊन आले. लांबट, लोखंडी जाळीचा. एका टोकाला वरून खाली पडणारं दार, दुसऱ्या टोकाला आमिषाची जागा, मधे पत्र्याची फळी. जनावर आमिषाकडं निघालं, फळीवर पाय पडला की मागं दार खट्‌कन बंद.

"आत सुकट ठेवा, न्हाईतर कोंबडीचं काळीज," गार्ड म्हणाले. "अन् काय बी सापडलं तरी हात लावायचा न्हाई. मला फोन करायचा. मी नेऊन येलदरीकडच्या रानात सोडतो. न्हाईतर केस हुती."

मी मान हलवली. पण तुम्हीच विचार करा, मी सुकट कुठून आणणार? काळीज तर सोडाच. मी म्हटलं, रानमांजर झालं तरी शेवटी मांजरच ना? भूक लागलेल्याला दूधभात का चालणार नाही? मी छान मऊ भात कालवला, वर चमचाभर तूप सोडलं आणि पिंजरा भिंतीजवळ मांडला. बायको म्हणाली, "लोणचं पण ठेवा थोडं." ती चेष्टा करते आहे हे मला उशिरा कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दार पडलेलं. मी धावत गेलो. आत जनाक्काची तुरेवाली कोंबडी भात टिपत बसली होती.

मी दार उचलायला वाकलो आणि भिंतीवर जनाक्काचं डोकं आलं.

तिनं कोंबडी पाहिली. मग मला पाहिलं. मग पुन्हा कोंबडी पाहिली.

"तवा तुमी धरायलाव व्हय कोंबड्या," ती शांतपणे म्हणाली. "अन् मी बिचाऱ्या बोक्याला बोलायले."

आता यावर माणसानं काय बोलायचं? मी म्हणालो, "अगं, भात ठेवला होता." ती म्हणाली, "ते दिसायलंय की. तूप बी घातलंय."

त्याच्या दुसऱ्या दिवशी देव पावला, पिंजऱ्यात मुंगूस सापडलं. मी दुकानाकडं पळालो, चार माणसं बोलावून आणायला. म्हटलं, हा घ्या चोर. माणसं घेऊन परत येतो तर पिंजरा रिकामा आणि आई हात जोडून उभी. "सोमवारच्या आधी मुंगूस दिसलं रे. लय शुभ. म्या दार वर केलं." चार माणसांनी रिकामा पिंजरा पाहिला, तुपाचा वास घेतला आणि माझ्याकडं बघत बघत गेली. गावात चर्चा सुरू झाली की अप्पानं कोंबड्या धरायची नवी तऱ्हा काढली, आणि तीही श्रावणात.

आता मात्र माझ्यापुढं इलाज राहिला नाही. खरं जनावर सापडल्याशिवाय माझी सुटका नव्हती, आणि खऱ्या जनावराला खरं आमिष लागत होतं. मी गाडी काढली, तोंडाला रुमाल गुंडाळला आणि परभणीच्या बाजारात गेलो. सुकटवाल्याच्या समोरून तीनदा गेलो. चौथ्यांदा थांबलो.

"पाव किलो," मी रुमालातूनच म्हणालो.

"कशी करणार? कांद्यात का वांग्यात?"

"पिंजऱ्यासाठी पाहिजे."

त्यानं तराजू खाली ठेवला आणि माझ्याकडं फार मायेनं बघितलं. "पहिली बारी हाय का? लाजू नका. आधी भाजून घ्या, मग धुवा, वास जातो." असं म्हणून त्यानं अख्ख्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात मला सुकटीची चटणी शिकवली. घामानं माझा रुमाल भिजला, म्हणून मी तो क्षणभर काढला. नेमकं तेव्हाच मागून हॉर्न वाजला. आमच्या गावची जीप. आत पेडगावची दहाबारा माणसं, आणि स्टेअरिंगवर मारोती.

"अप्पा, सोडू का गावाला?" मारोती म्हणाला. त्याची नजर पुडक्यावर होती.

मी घरी पोचायच्या आधी बातमी पोचली होती. बायकोनं पुडकं उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. मग मी ते दुकानात ठेवलं, साखरेच्या पोत्यामागं. आता कळलं, चहा आधी का पाजला?

संध्याकाळी मी नाक धरून मूठभर सुकट पिंजऱ्यात ठेवली. सकाळी सुकट गायब, दार उघडंच. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. मधल्या पावसानं फळी गंजून घट्ट झाली होती, हलक्या पावलाचं जनावर आत जाऊन खाऊन निवांत बाहेर येत असणार. हे मला कळत होतं, गावाला कसं कळावं? गावाचा हिशोब सोपा होता. अप्पा सुकट आणायलाय, रोज सुकट संपायलीय, जनावर काही दिसत न्हाई.

सोमवार उजाडला. घर सारवलं होतं, पुरण शिजलं होतं, आई पहाटेपासून उपाशी होती. स्वामी आले. येताना मारोतीच्या जीपमधून आले.

पाद्यपूजा झाली. पान मांडलं. आई पुरणपोळी वाढायला वाकली, तेवढ्यात स्वामींनी हात आडवा धरला. आवाज अगदी मऊ.

"वैजनाथ, येताना जीपमध्ये काही ऐकलं. घरात सुकट आणली म्हणतात. खरं आहे का?"

"खरं आहे, स्वामी. पण पिंजऱ्यासाठी आणली."

"पिंजऱ्यात काय सापडलं?"

आता त्यांच्यासमोर खोटं कसं बोलू? म्हणालो, "कोंबडी."

स्वामींनी डोळे मिटून घेतले. आईनं वाढायला घेतलेली पोळी परत ताटात ठेवली. खरं सांगतो, त्या क्षणी मला रडू यायचं बाकी होतं. स्वामी पानावरून उठले असते तर आईनं त्या वर्षात पुन्हा माझं तोंड पाहिलं नसतं, आणि मी तिला दोष दिला नसता.

तेवढ्यात मागून आवाज आला. खट्.

मी तसाच पळालो. माझ्यामागं बायको, आई, तिच्यामागं खुद्द स्वामी. भिंतीपलीकडून जनाक्का. पिंजऱ्याचं दार पडलेलं होतं. आत बाळू बसला होता. चार दिवसांत अंगानं भरला होता, म्हणूनच फळी दबली असणार. तोंडात सुकट, मिशीला सुकट, आणि आमच्या एवढ्या लोकांकडं बघूनही त्यानं चावणं थांबवलं नाही.

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! मी स्वामींच्या पायावर पडलो. "बघा स्वामी, बघा! बाळू खातोय, मी नाही. चार दिवस हाच खात होता. आमचंच मांजर आहे हे!"

भिंतीवरून जनाक्का म्हणाली, "हेच तर मी आठ दिवसापासून म्हणायलेय, अप्पा."

स्वामी मोठे समजूतदार. बाळूकडं बघून म्हणाले, "मुक्या जीवाला कसलं पथ्य. चला, पोळी थंड होतेय." ते पोटभर जेवले, आशीर्वाद दिला. घराची लाज राहिली. पण आई पदर डोळ्याला लावून बसली होती. मी जवळ गेलो तर मला म्हणाली, "तू खाल्लं असतंस तरी मी पोटात घातलं असतं रे. माझ्या बाळूचं नाव कशाला घेतलंस सगळ्यांम्होरं?"

आता बोललेला शब्द होता. मंगळवारी मी बाळूला पोत्यात घालायला निघालो, आणि जनाक्काच धापा टाकत आली. म्हशींना टाकायला कडबा काढताना तिला गंजीच्या तळाशी बीळ दिसलं होतं, आत पिसांचा ढीग, आणि तिच्यावर फिसकारणारं खरंखुरं रानमांजर. करड्या रंगाचं, उंच पायाचं, शेपटीला काळे पट्टे. गार्डनी फळीला तेल घातलं, पिंजरा गंजीजवळ मांडला आणि बुधवारी सकाळी ते आत बसलेलं होतं. चोर सापडला. बाळू निर्दोष.

मी गार्डना म्हणालो, "पण मग तो सुकट का खात होता? तो तर कशाला शिवत नव्हता."

गार्ड पिंजरा गाडीवर बांधत होते. दोरी आवळता आवळता म्हणाले, "कोंबडीला शिवलाच न्हवता की बिचारा. सुकट तुमी खाऊ घातली. रोज ताजी. चार दिवस."

गार्ड येलदरीकडं निघून गेले. मी मात्र तिथंच उभा राहिलो. अख्ख्या जिल्ह्यात एक मांजर शाकाहारी होतं, आणि मी, अंडं हा शब्द तोंडातून न काढणारा माणूस, त्याला मासळीची चटक लावून मोकळा झालो होतो.

बाळू आता दूधभाताकडं बघत नाही. तीन दिवस उपाशी राहिला. आईनं चौथ्या दिवशी मला फर्मावलं, "तू लावलीस ना सवय? मग तूच आण. गोठ्यात ठेव, घरात न्हाई." तेव्हापासून दर आठवड्याला मी परभणीला जातो. रुमाल बांधायचा आता सोडून दिलाय, काही उपयोग नसतो. सुकटवाला मला लांबून बघूनच पाव किलो तोलायला लागतो.

परवा मी त्याला एकदाचं ठणकावून सांगितलं, "हे बघ बाबा, हे मी खात नाही. मांजरासाठी नेतो."

त्यानं पुडक्याला गाठ मारली आणि माझ्या हातात देत म्हणाला, "बरं अप्पा. मागं पिंजऱ्यासाठी म्हणलाव, आता मांजरासाठी म्हणायलाव. घरच्यांना एकच काहीतरी सांगत जावा."