मावशींच्या ब्रेडच्या कडा

माझ्या घरमालकीण मावशींइतकं देवाला कामाला लावणारं माणूस मी उभ्या मराठवाड्यात दुसरं पाहिलं नाही. बाकीचे लोक देवाकडं मागणं मागतात. मावशी त्याला कामं नेमून देत. सकाळी डोक्यावर पदर घेऊन, डोळे मिटून त्या ओसरीत प्रार्थनेला बसल्या की वर गच्चीवर दात घासणाऱ्या मला खालचं सगळं ऐकू यायचं. "हे दयाळू बापा, पुण्याच्या लेकीच्या गुडघ्याकडं बघ. नाशिकच्या जावयाला बढती दे, पण अकड देऊ नको. नळ सोडणाऱ्या माणसाला आज तरी वेळेवर जाग येऊ दे. आणि वरच्या खोलीतल्या पोराला सुबुद्धी दे, तो ओला टॉवेल खुर्चीवर टाकतो, आणि खुर्ची सागाची आहे." मी गपचूप आत जाऊन टॉवेल दोरीवर टाकायचो. डोळे मिटून देवाशी बोलणाऱ्या बाईशी भांडायचं तरी कसं? बरं, तेवढ्यानं सुटका नसे. ज्याची तक्रार गेली त्याचा 'आमेन' कानावर पडल्याशिवाय मावशी डोळे उघडत नसत. मग मी तोंडात फेस घेऊन जिन्यावरून 'आमेन' म्हणायचो, आणि माझा दिवस सुरू व्हायचा.

आमचं घराणं अजिंठ्याकडचं, पिढ्यान्‌पिढ्या मेंढरांमागं फिरणारं. आयटीआय करायला मी शहरात आलो तेव्हा छावणीच्या बाजूला, बॅप्टिस्ट ख्रिस्ती मंडळीच्या लहानशा देवळाला, म्हणजे चर्चला, लागून असलेल्या गल्लीत खोली बघायला गेलो. तेव्हाच्या औरंगाबादेत नवख्या पोराला खोली मिळणं सोपं नव्हतं. घरमालक नाव विचारतात, गाव विचारतात, आणि मग खोली कालच गेली म्हणून सांगतात. मावशींनी मला फक्त एवढंच विचारलं, "जेवलास का?" मी सवयीनं 'हो' म्हणालो. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं आणि म्हणाल्या, "पहिल्याच दिवशी खोटं बोलतोस. बस." पुढं कळलं की ही त्यांची रीतच होती. दारात आलेला माणूस उपाशी गेला तर त्यांना दिवसभर चुकल्यासारखं व्हायचं. मीटरचं रीडिंग घ्यायला येणारा माणूस आमची गल्ली मुद्दाम दुपारच्या जेवणाला गाठायचा. फक्त जेवणाआधीची त्यांची प्रार्थना इतकी सविस्तर असे की रश्श्यावरची तर्री गोठून जाई. एकदा त्या देवळाचे नवे पाळकसाहेब घरी जेवायला आले होते. तरुण, भिडस्त माणूस. मावशी सुरू झाल्या आणि दोन लेकी, जावई, नातवंडं करत बोहऱ्याच्या दुकानातल्या खराब झालेल्या तुरीच्या डाळीपर्यंत आल्या, तेव्हा पाळकसाहेबच हळूच 'आमेन' म्हणून गेले. मावशींनी एक डोळा उघडला. "तुम्हाला घाई आहे का, पाळकसाहेब?" त्या म्हणाल्या आणि पुन्हा पहिल्या लेकीपासून सुरुवात केली.

घरात त्यांचा शब्द शेवटचा. लेकींनी काय शिकायचं, लेकानं कुठली नोकरी धरायची, गल्लीतल्या कुणी कुणाशी बोलणं टाकलंय ते कधी पुन्हा सुरू करायचं, सगळं मावशी ठरवत. पण एका गोष्टीत त्या कुणाला चकार शब्द बोलत नसत, आणि ती म्हणजे बाप्तिस्मा. त्यांच्या मंडळीत लहान बाळांना बाप्तिस्मा देत नाहीत. माणसानं जाणतं व्हायचं, स्वतःहून मागायचा, सगळ्यांसमोर तोंडानं विश्वास सांगायचा आणि मग पाळकानं त्याला हौदात अख्खं बुडवून वर काढायचं. कुणी पाणी नुसतं शिंपडण्याची गोष्ट काढली की त्या म्हणत, "शिंपडायला माणूस म्हणजे काय मेथीची जुडी आहे?" मागण्याच्या बाबतीतही त्या भारी कडक. लेकानं दहावीच्या परीक्षेच्या आदल्या दिवशी बाप्तिस्मा मागितला तर त्याला त्यांनी परत पाठवलं. म्हणाल्या, "पास व्हायला मागतोस. नापास झालास आणि तरी मागावासा वाटला तर ये." बिचारा गणितात गेला, आणि त्याच संध्याकाळी येऊन त्यानं पुन्हा मागितला. मावशी ही गोष्ट इतक्या अभिमानानं सांगत की ऐकणाऱ्याला वाटावं, पोरगा बोर्डात आलाय.

आणि अशा या बाईच्या नवऱ्यानं बाप्तिस्मा घेतलेला नव्हता. काका एसटीत ड्रायव्हर होते. सिल्लोडवरून फर्दापूरकडं जाणारी गाडी त्यांनी जन्मभर चालवली, अजिंठ्याच्या घाटात एका हातानं स्टिअरिंग फिरवणारा माणूस. पण पाण्याला भ्यायचे. लहानपणी विहिरीत पडले होते, तेव्हापासून डोक्यावर तांब्या ओतायचा म्हटलं तरी भिंतीला हात लावून उभे राहत. लग्नापासून दर रविवारी ते बायकोबरोबर देवळात येत आणि शेवटच्या बाकावर बसत. मावशींच्या आग्रहानं मीही अधूनमधून जायचो आणि काकांशेजारी टेकायचो. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असे. ब्रेडच्या तुकड्यांचं ताट बाकाबाकावरून फिरत यायचं, पण ते बाप्तिस्मा झालेल्यांनीच घ्यायचं. काका ताट हातात घ्यायचे, जरा वेळ बघायचे आणि न घेता पुढं सरकवायचे. त्या वेळी पुढच्या बाकावर बसलेल्या मावशी खिडकीबाहेर बघत असत. गल्लीतल्या कुत्र्यालासुद्धा उपाशी न ठेवणारी बाई, आणि ज्या ताटातले तुकडे स्वतःच्या हातानं कापलेत त्यातला एक तिला नवऱ्याच्या तोंडात घालता येत नव्हता. एकदा मी न राहवून विचारलं, "मावशी, काकांना एकदा सांगून का बघत नाही?" त्या शेंगा निवडत होत्या. "मी सांगितलं तर ते उद्या उडी मारतील," त्या म्हणाल्या. "मग तो बाप्तिस्मा माझा होईल, त्यांचा नाही. पाण्याला भितात की मनातच नाही, ते त्यांचं त्यांनी सांगावं. मी मरेपर्यंत वाट बघीन." आणि लगेच माझ्या हातातली शेंग काढून घेऊन म्हणाल्या, "ही किडकी आहे, दिसत नाही का?"

वाट बघतानाही त्यांनी आपल्या स्वभावाला धरून एक सोय लावली होती. प्रभुभोजनासाठी स्लाइस ब्रेडच्या कडा काढून मधल्या भागाचे एकसारखे चौकोनी तुकडे करायचं काम त्यांच्याकडं होतं. त्या उरलेल्या कडांना त्या कांदा, हिरवी मिरची, शेंगदाण्याचं कूट घालून खमंग फोडणी देत आणि डब्यात भरून, टॉवेलात गुंडाळून देवळात आणत. उपासना संपली की डबा घेऊन सरळ शेवटच्या बाकाशी. "घ्या, दोघंही खा. हे प्रभुभोजन नाही, हा नाश्ता आहे." आणि आम्ही दोघं बिनबाप्तिस्म्याचे देवळाच्या पायरीवर बसून तो संपवायचो. काका म्हणायचे, "मधल्यापरीस कडाच ब्येस लागतात." मधला तुकडा त्यांनी खाल्लाच कुठं होता?

माझं आयटीआय झालं, वाळूजला नोकरी लागली, लग्न झालं. तरी मी त्याच गल्लीत दोन घरं सोडून राहिलो, कारण मावशींनी तसं ठरवलं होतं. आणि मग एका उन्हाळ्यात त्यांना दम लागायला लागला. डॉक्टरांनी हृदयाचं सांगितलं. त्यानंतर एके दिवशी काका मला कोपऱ्यावर घेऊन गेले आणि म्हणाले, "पहिल्या रविवारी घेतोय म्या. पाळकसाहेबाशी बोललोय. तिला सांगू नको, व्हय." मी विचारलं, इतक्या वर्षांनी कसं काय? "मनात पहिल्यापास्नं होतं रे. पाण्याचंच भ्या. पण आता ती आधी गेली, तर तिला वाटंल मी मनानं नव्हतोच."

शुक्रवारी टँकर आणून पाळकसाहेबांनी हौद भरून घेतला. हा हौद देवळातच, व्यासपीठापुढं जमिनीत बांधलेला. एरवी त्यावर लाकडी फळ्या असतात. शनिवारी आमच्या गल्लीला पाणी यायची पाळी होती, आठवडाभर सगळे तिच्याकडं डोळे लावून बसलेले. आणि सकाळीच बातमी आली की पाइपलाइन फुटली. त्यात समोरच्या शबानाभाभींकडं दुसऱ्या दिवशी लेकीचा साखरपुडा. त्या रडकुंडीला येऊन म्हणाल्या, "खाला, घर में मेहमान हैं, हंडे में एक बूंद नै." देवळाची किल्ली मावशींच्या कमरेला. फुलं ठेवायला त्या सकाळीच तिथं जाऊन आल्या होत्या, फळीखालची ओल त्यांच्या नजरेतून सुटली नव्हती. त्यांनी सरळ दार उघडलं. "पाळकसाहेबांनी हौद कशाला भरलाय कुणास ठाऊक. उद्या तर कुणाचा बाप्तिस्मा नाही. मला ठाऊक नसताना या मंडळीत कोण बाप्तिस्मा घेतंय? न्या पाणी."

दुपारी मी कंपनीतून आलो तर देवळापासून गल्लीच्या टोकापर्यंत बादल्यांची रांग. मावशी दारात खुर्ची टाकून बसलेल्या आणि हौदातून बादल्या भरून देण्याच्या कामाला त्यांनी लावलं होतं कुणाला, तर काकांना! मी जवळ जाऊन म्हणालो, "काका, अहो, सांगा की त्यांना." काकांनी बादली वर ओढली, हौदात डोकावून बघितलं. इतका खुशीत असलेला हा माणूस मी कधी पाहिला नव्हता. "गप बस," ते हळूच म्हणाले. "सकाळी छातीइतकं होतं, मला झोप नव्हती आली. आता कमरेला आलंय. अजून थोडं जाऊ दे." आणि जोरात हाक मारली, "भाभी, आनखी एक हंडा लाव!"

रविवारी गीत झालं, फळ्या उघडल्या आणि बाजूच्या खोलीतून पांढरा झगा घालून काका बाहेर आले. मावशी वळून बघायला लागल्या आणि तशाच राहिल्या. त्यांनी काकांकडं बघितलं, मग हौदाकडं. पाणी गुडघ्याच्याही खाली. "हे पाणी मीच वाटून टाकलं," त्या एवढंच म्हणाल्या. पाळकसाहेब गोंधळले. म्हणाले, "मावशी, एक तर पुढच्या महिन्यावर टाकू, नाही तर अपवाद म्हणून आजच्या दिवस..." शिंपडू हा शब्द त्यांनी गिळला, पण सगळ्यांना कळला. मावशींना दम लागलेला दिसत होता. पुढचा महिना कुणी पाहिला होता?

तेवढ्यात काका पायऱ्या उतरून हौदात गेलेसुद्धा. "आजच," ते म्हणाले. "एवढं पाणी मला पुरतंय. झोपतो म्या." पाळकसाहेबांनी विचारलं, विश्वास धरता का? काका शेवटच्या सीटवरच्या प्रवाशाला ऐकू जावं तसं म्हणाले, "व्हय. लग्नाच्या आधीपास्नं." आणि डोळे घट्ट मिटून पाण्यात आडवे झाले. डोकं बुडालं, छाती बुडाली, पण ड्रायव्हरचं पोट काही बुडेना. "पोट राहिलं, पाळकसाहेब," मावशी पुढच्या बाकावरून म्हणाल्या. पाळकसाहेबांनी पोट दाबलं तर गुडघे वर आले. मग मात्र मावशींना राहवेना. नेसूचं वर खोचून, दम लागत असताना त्या हौदात उतरल्या आणि दोन्ही हातांनी त्यांनी नवऱ्याचे गुडघे खाली दाबून धरले. क्षणभर सगळे काका पाण्याखाली होते. वर आले ते ठसकतच. "झालं?" त्यांनी विचारलं. "झालं," मावशी म्हणाल्या, आणि तिथंच पाण्यात उभ्या राहून लहान मुलीसारख्या रडल्या.

नंतर प्रभुभोजनाचं ताट आलं. काका केस पुसून पहिल्यांदाच पुढच्या बाकावर बसले होते. त्यांनी ओल्या बोटांनी तुकडा उचलला, तोंडात घातला, आणि मावशी हळूच म्हणाल्या, "नीट चावून खा." उपासना संपल्यावर त्या डबा घेऊन नेहमीसारख्या शेवटच्या बाकाशी आल्या. मागोमाग आलेल्या काकांनी सवयीनं हात पुढं केला, तर त्यांनी त्यावर चापट मारली. "तुमचं झालं आत. कडा आता याच्या एकट्याच्या." काका माझ्याकडं बघून कळवळून म्हणाले, "हे आधी कुणी सांगितलं असतं तर!"

मावशी त्यानंतर दोन पावसाळे राहिल्या. शेवटी अंथरुणावरसुद्धा देवाला कामं नेमून देणं चालूच होतं; माझ्या टॉवेलाची तक्रार तर त्यांनी माझ्या बायकोच्या देखत वर पाठवली. गेल्या हिवाळ्यात त्या गेल्या. आता सकाळी ओसरीतून काही ऐकू येत नाही आणि मी टॉवेल कुठंही टाकला तरी कुणी काही म्हणत नाही, ते मला अजिबात आवडत नाही.

परवा पहिला रविवार होता म्हणून मी देवळात गेलो आणि शेवटच्या बाकावर एकटाच बसलो. ब्रेड आता काका कापतात. तुकडे वेडेवाकडे झाले होते, काहींना कड तशीच चिकटलेली होती. उपासना संपल्यावर ते टॉवेलात गुंडाळलेला डबा घेऊन आले आणि आम्ही पायरीवर जाऊन बसलो. "खा," म्हणाले. "हे प्रभुभोजन नाय, नाष्टा हाय." कांदा करपला होता, मीठ जास्त झालं होतं. मी म्हणालो, "काका, तुम्ही पण घ्या ना." त्यांनी एक कड उचलली, आणि तोंडात घालायच्या आधी मान वळवून देवळाच्या दाराकडं बघितलं. मीही बघितलं. दारात कुणी नव्हतं. मग आम्ही दोघांनी मिळून तो डबा संपवला.