मांडीवरचे बूट

फाळणी झाली त्या साली सिंधमधून आलेली काही कुटुंबं वऱ्हाडातल्या आमच्या कारंज्यात कापसाच्या एका जिनिंगच्या रिकाम्या गोदामात उतरली. त्यातली माझ्याच वयाची एक मुलगी आमच्या वर्गात आली. मास्तरांनी तिला माझ्या शेजारी बसवलं. "तुह्या घरी हिंदी बोलतात. इले इथं करमलं पाह्यजे, हे काम आता तुह्यं," ते म्हणाले. मी फुशारले.

पण माझं मुसलमानी नाव ऐकताच ती तरटाच्या पट्टीवर हातभर दूर सरकली. चिंचा दिल्या, तर आधी मला खायला लावून मगच तिनं तोंडात टाकल्या.

सगळ्यात राग यायचा तो तिच्या बुटांचा. पायातलं दाराबाहेर काढायची शाळेची रीत. आम्हा बहुतेकांच्या पायात काढण्यासारखं काही नसायचंच. ही मात्र बूट काढून मांडीवर घेऊन बसायची. पाणी प्यायला निघाली तरी बूट काखेत! माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची. आम्ही काय चोर आहोत? मलाही ती आतल्या गाठीची वाटू लागली. मग मीही तिच्यावर पाळत ठेवू लागले.

एका दुपारी तिला बसल्याबसल्या डुलकी लागली. मी हळूच बूट उचलले आणि दाराबाहेर नीट मांडून ठेवले. कोणी नेत नाही, हे तिला कळू दे एकदाचं.

तिला जाग आली. मांडी चाचपून ती किंचाळली. आता माझ्यावर आळ येणार, म्हणून मी सावरून बसले. पण तिनं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. ती पहिलीच्या वर्गात धावली, धाकट्या भावाला ओढत बाहेर काढलं आणि फाटक गाठलं.

मी बूट घेऊन मागं पळाले. "चुराए नहीं मैंने," मी म्हणाले.

"चोरी का डर नहीं," तिला धाप लागली होती. "वहाँ भागते वक्त जूते ढूँढने में देर हुई. दादी पीछे रह गई. आज जूते नहीं दिखे, तो लगा फिर भागना है."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं बूट घातले, नाड्या करकचून बांधल्या. मग माझ्या अनवाणी पायांकडं बघत तिनं विचारलं, "तू कैसे भागेगी?"

घरी महिनाभर मोठ्यांची कुजबुज चालली होती, निजामाच्या हैदराबादला निघून जायचं की इथंच राहायचं. मी आत गेले की सगळे गप्प व्हायचे. त्या दिवशी ते तसे गप्प झाले, तेव्हा मी पहिल्यांदा अब्बांच्या तोंडाकडं निरखून पाहिलं.