ग्लू सेक्शनच्या बंद खिडक्या

"मॅडम, बाहेर एक्यूआय चारशे आणि आत फक्त अडतीस! आता बोला," एअर प्युरिफायरच्या हिरव्या आकड्याकडे बोट दाखवत कुलकर्णी म्हणाले.

मी काय बोलणार, कपाळ! द्वारकेहून नोएडापर्यंत मेट्रोत उभी राहून आले होते आणि दिल्लीच्या नोव्हेंबरनं घसा सोलून काढला होता. कारखान्यांतल्या हवेचे नमुने घेणं हा माझा धंदा. स्वतःच्या वाट्याची हवा मात्र आहे तीच.

कारखाना बुटांचा. कुलकर्णी तिथले प्लांट हेड, मूळचे नागपूरचे, माणूस मनानं चांगला. गेल्या हिवाळ्यात धूर वाढला तेव्हा त्यांनी ग्लू सेक्शनच्या खिडक्या बंद करून फटींना टेप मारली, प्युरिफायर आणले. पुढे उन्हाळ्यात एसी लागला. खिडक्या तशाच राहिल्या.

त्यांनी मला बोलावलं ते सुनीतामुळे. ती बुटांच्या सोलला ग्लू लावायची. तिच्या हातापायांना सारख्या मुंग्या यायच्या. पायातली चप्पल निसटली तरी कळायचं नाही. कंपनीचा डॉक्टर म्हणे, व्हिटॅमिन कमी आहे. गोळ्या खाऊनही फरक नव्हता आणि घर तिच्या एकटीच्या कामावर चाललं होतं.

मी तिच्या कमरेला छोटा पंप बांधला. त्याची नळी कॉलरपाशी आणून टोकाला कोळशाचे दाणे भरलेली काचेची बारीक ट्यूब लावली. ती श्वासात घेते तीच हवा पंप हळूहळू ओढतो, हवेतली रसायनं कोळशाला चिकटतात. लॅबमध्ये ती सोडवून मोजायची. एवढंच आमचं शास्त्र.

"इसको दुपट्टे से ढकना मत," मी तिला सांगितलं.

"इसमें क्या पकड़ेंगे, मैडम? धुआँ?"

"नहीं, गोंद की भाप."

"पर गोंद की बू तो अब आती ही नहीं."

रोज तोच वास घेतला की नाक त्याची दखल घेणं सोडून देतं. माझं तर दारातच डोकं धरलं होतं.

कुलकर्णींना म्हटलं, "साहेब, तुमचं मशीन धूळ दाखवतं, वाफ नाही. पिठाच्या चाळणीत पाणी थांबतं का?"

"मग काय खिडक्या उघडू? पोरी खोकून मरतील, यार!"

"रिपोर्ट येऊ द्या."

रिपोर्ट आला. ग्लूमधलं हेक्झेन मर्यादेच्या कितीतरी वर. हे रसायन हळूहळू नसा खातं, हातापायांपासून सुरुवात करतं. मी कुलकर्णींना फोनवर सांगितलं.

"ताई, मी त्यांच्या भल्यासाठीच केलं हो सगळं."

पहिल्यांदाच मला मॅडम सोडून ताई म्हणाले. रागवायचं तरी कुणावर? मी म्हटलं, टेबलावरूनच वाफ ओढून घेणारा एक्झॉस्ट बसवा आणि बाहेरची हवा फिल्टरमधून आत घ्या. तोवर सेक्शन बंद, सुनीताला ग्लूपासून लांब ठेवा आणि न्यूरोलॉजिस्टला दाखवा. हेड ऑफिस म्हणालं, "नंतर बघू." तिथे मात्र कुलकर्णी हटले नाहीत. त्यांनी स्वतः लाइन बंद केली आणि वरच्यांची बोलणी खाल्ली.

काही महिन्यांनी पुन्हा नमुने घ्यायला गेले. एक्झॉस्ट घरघरत होता आणि या वेळी लॅबमधून आकडेही पुढे मर्यादेत आले. सुनीता पॅकिंगमध्ये होती. कशी आहेस विचारलं.

"हाथ ठीक हैं. पैर आधे लौटे हैं. डॉक्टर बोले, बाकी का भरोसा नहीं."

मग खालच्या आवाजात म्हणाली, "खिड़की बंद करवाने मैं ही गई थी साहब के पास. सबको खाँसी थी ना."

"तेरी गलती नहीं है," मी म्हटलं. तिनं मान हलवली, पण पटलं नव्हतं. पंप पिशवीत भरून मी मेट्रोकडे निघाले.

आता कुणी म्हणालं की आमच्याकडची हवा स्वच्छ आहे, तर मी एवढंच विचारते, कशापासून?