तय्यबचं नाक आणि जमिला खालाचा कॅन

ओमानात कामाला आलेल्या माणसाला एक अर्बाब, म्हणजे मालक असतो. तय्यबला एकतीस होते! बरकाच्या एकतीस शेतकऱ्यांनी मिळून दुधाची संस्था काढली होती आणि तिच्या केंद्रावर दूध पारखायला हा रत्नागिरीकडचा गडी होता. मालक सगळे सारखे. ऐंशी गायींचा अध्यक्ष असो की आठ गायींची जमिला खाला, सभेत हात एकदाच वर करायचा.

त्याचं काम तरी काय? सकाळी कॅनचं झाकण काढायचं, नाक आत घालायचं, चमचाभर दूध तोंडात घोळवून थुंकायचं आणि ‘यल्ला’ म्हणायचं. यल्ला म्हटलं की दूध टाकीत, खलास म्हटलं की कॅन माघारी. फॅट, पाणी, औषधाचा अंश हे सगळं मशीन सांगतं. पण वास कुठलं मशीन घेणार? अकरा वर्षांत त्याच्या शब्दाला कुणी हरकत घेतली नव्हती. त्याला या नाकाचा ताठा होता, आणि का नसावा हो?

त्यात २०१६ साल उजाडलं ते भरभराटीचं. संस्था ऑरगॅनिक झाली होती. चाऱ्याला रासायनिक खत नाही, फवारणी नाही. गाईला लसूणघास, गवत, खजूर, बस्स. शहरात कुरुमच्या मोठ्या दुकानात काचेच्या बाटल्या सकाळी दहाच्या आत संपायच्या. मागणी वर्षात दुप्पट झाली, तशी सभासदांनी गायी वाढवल्या, नवे गोठे बांधले.

आणि ऐन ऑगस्टमध्ये कुरुमहून बाटल्या परत यायला लागल्या. ‘दुधाला वास येतो.’ कसला वास, ते कुणाला धड सांगता येईना. तिसऱ्यांदा माल परत आला तेव्हा दुकानदाराने निरोप धाडला, रविवारपर्यंत सुधारलं नाही तर दूध बंद.

“माझ्याकडून वासाचं दूध पुढे जाणं शक्य नाही,” तय्यब ठासून म्हणाला. “रुसैलला बघा. बाटल्या नीट धूत नसतील.” रुसैलला बाटल्या भरण्याचं काम नागपूरचा अनुप बघायचा. बिचाऱ्याने सगळे पाइप दोनदा उकळत्या पाण्याने धुऊन काढले. शनिवारच्या सभेत त्याच्यावरच ठपका येणार, हे दिसतच होतं.

शुक्रवारी तय्यब परत आलेली एक बाटली अल हैलला घरी घेऊन गेला. मुलगी मुस्कानच्या पाठीवर त्याच्या बायकोला, वजीराला पाचवा महिना होता. दिवस राहिल्यापासून तिला सुक्या मासळीचा वास सोसत नव्हता, म्हणून तीन महिने घरात सुकट नाही, बोंबील नाही. तय्यबने तोंडातून ब्र काढला नव्हता, पण जेवायला बसला की त्याचा चेहरा बघवत नसे.

वजीराने झाकण काढलं मात्र, आणि तोंडाला पदर लावून मोरीकडे धावली.

“ईऽ! अल्ला! मुस्कानचे अब्बा, दुधात सुकट कोणी घातली?”

“सुकट? डोकं फिरलं काय तुझं?” तय्यबने बाटली नाकाशी धरली. छान तर येत होता वास! ओळखीचा, घरचा... आणि तो मटकन खाली बसला. गेला महिनाभर एक कॅन त्याला सगळ्यांत गोड वाटत होता. तिथे तो चमचा दोनदा बुडवायचा. परवा तर ‘खाला, तुझ्या दुधाची सर कुणाला नाही’ असंही बोलून गेला होता!

तसाच उठून तो जमिला खालाच्या गोठ्यावर गेला. कोपऱ्यात सुकवलेल्या तारलीची गोणी उभी होती आणि गायी मजेत मासळी चघळत होत्या.

“उन्हाने घास करपला,” खाला म्हणाली. “माझी आईसुद्धा उन्हाळ्यात हेच घालायची. ना खत, ना औषध. समुद्रातलं आहे. याहून ऑरगॅनिक काय असतं रे?”

गोणी गुपचूप उचलायला लावली असती तरी चाललं असतं. वास गेला असता, ठपका अनुपवर राहिला असता, नाकाची अब्रू वाचली असती. परतीच्या वाटेवर तय्यबने हाही विचार करून पाहिला. पण अनुपचा तो उतरलेला चेहरा काही डोळ्यांपुढून हलेना.

शनिवारी सतरंजीवर एकतीस मालक बसले. कडू कॉफीचा कावा फिरला, खजूर फिरले. अनुप उभा राहायच्या आत तय्यब उभा राहिला.

“रुसैलचा काही दोष नाही. वास माझ्या नाकाखालून गेला. आमच्या गावाला अंगणात मासळी वाळते, तो वास मला वास वाटतच नाही. तीन महिने खाल्ली नव्हती, म्हणून दुधात ती गोड लागली. काय शिक्षा द्यायची ती द्या.”

तय्यबने अध्यक्षाकडे पाहिलं. अकरा वर्षांची नोकरी, घरात पोटुशी बायको! मग जमिला खालाच पुढे सरकली.

“मासळी मी घातली. माझं दूध दहा दिवस टाकीत नको. आणि याला काढू नका. भुकेलं नाक आहे ते. दर शुक्रवारी माझ्याकडे जेवू दे पोटभर मासळी, म्हणजे दुधात शोधत बसणार नाही!”

अध्यक्ष आधी हसला, मग सतरंजीभर हसू पसरलं. एकतीस हात वर झाले. दुकानदाराने आणखी दहा दिवस दिले, आणि ऑर्डर टिकली.

अकराव्या दिवशी खालाचा कॅन आला. आदल्याच शुक्रवारी तिच्याकडे तय्यबने तळलेली तारली बोटं चाटून खाल्ली होती. त्याने झाकण काढलं, नाक घातलं, दूध घोळवलं. गवताचा कोवळा वास, बाकी काही नाही. त्याला ते जरा फिकंच लागलं. त्याने चमचा पुन्हा बुडवला नाही.

“कसं आहे?” खालाने विचारलं.

“एकदम चांगलं आहे, खाला,” तय्यब म्हणाला. “यल्ला!”