खिंडारातून जाण्याची सवय

सुमित्राबाईंचं माहेर आणि सासर दोन्ही रेवदंड्याच्या कोटात. एके काळी बंदर राखणारा तो तट आता जागोजाग ढासळलेला. आत नारळी-सुपारीच्या वाड्या आणि माणसांची घरं. कोटाचा दरवाजा पाहुण्यांसाठी. घरचं माणूस समुद्रावर जाणार ते जवळच्या खिंडारातून.

१९८८ साली त्या जर्सी सिटीत चौदाव्या मजल्यावर राहत होत्या. थोरला गुरुदत्त आणि सून रेखा सकाळीच ट्रेननं मॅनहॅटनला जात. खाली नदी होती. तिला भरती-ओहोटी येते, हे बाईंनी खिडकीतूनच ओळखलं होतं. पण एकटीनं खाली जायचं नाही, असं गुरुदत्तनं बजावलेलं. गावी परतायचंही नाही. बाईंचं ग्रीन कार्ड टिकलं तरच धाकट्या प्रतापचे कागद होणार, आणि ते होईपर्यंत त्यानं लग्न करायचं नाही. लग्न झालेल्या मुलाला आईच्या कार्डावर येता येत नाही. धाकट्याचं भलं होतंय ना, म्हणून बाई बसून राहिल्या.

एका दुपारी मात्र राहवेना. लॉबीतला रखवालदार गुरुदत्तला सांगेल, म्हणून त्यांनी सवयीनं आडवाट शोधली: मागचा जिना. दार पाठीमागं बंद झालं ते उघडेना. खालच्या प्रत्येक मजल्यावर तेच. तळाच्या दारावर लाल पट्टी आणि इंग्रजी अक्षरं. बाईंनी ती एकेक करून जुळवली: अलार्म.

घंटा वाजली की पोलीस येणार. पोलिसांत नाव गेलं की प्रतापचे कागद अडणार. बाई पायरीवर बसल्या. हाका मारल्या, कुणी ओ दिली नाही. एकही चिरा न ढळलेला असला तट त्यांनी जन्मात पाहिला नव्हता.

शेवटी डोळे मिटून त्यांनी दार ढकललं.

पोलीस आले नाहीत. रखवालदार धावत आला, हसला आणि त्यांना लिफ्टनं वर सोडून गेला. नदी राहूनच गेली.

संध्याकाळी गुरुदत्त बूटही न काढता आत आला.

"आई, अगं अलार्म वाजवलास? मला ऑफिसात फोन! मीटिंग कॅन्सल केली."

"मग काय, जिन्यातच वाळत बसू?"

रेखा हसू दाबत स्वयंपाकघरात गेली.

"पोलीस आले असते तर प्रतापचं काय झालं असतं?"

"ते त्यालाच विचारू. तिकडं उजाडलं असेल. लाव फोन."

रेवदंड्याला फोन शेजारच्या दुकानात. प्रताप धापा टाकत आला.

"खरं सांग रे, तुला यायचंय इकडं?"

"वाडी सोडून मला कुठं यायचंय, आई? आणि कांचनच्या घरचे आता थांबत नाहीत."

"कोण कांचन?... मेल्या, मग इतके दिवस गप्प का?"

"तू माझ्यासाठी तिथं बसलीयस. दादा एवढं करतोय. कसं बोलू?"

बाईंनी रिसीव्हर गुरुदत्तपुढं धरला.

"घे. मला म्हणाला, ते तुलाही म्हणू दे."

गुरुदत्तनं हात पुढं केला नाही. बाईंनीही मागं घेतला नाही.