मनकर्णा उंबरठ्यावर का बसली

मनकर्णाला गावात कोणी भली बाई म्हणत नव्हतं. वालूरच्या वाटेवरल्या त्या खेड्यात ती तोंडाळ म्हणूनच ठाऊक होती. कुणाच्या शेळीनं कुंपणाला तोंड लावलं, तर ती मालकाच्या सात पिढ्या काढायची. त्यात निजामाचं राज्य गेलं त्या साली उन्हाळ्यात रझाकारांनी तिच्या धाकट्या भावाला, व्यंकटीला, चावडीपुढं बडवलं. त्याचा गुडघा कायमचा गेला. मारणाऱ्यांत लाडलेसाब पिंजाऱ्याचा पुतण्या होता. तेव्हापासून पिंजाऱ्याच्या घरासमोर थुंकल्याशिवाय ती पुढं जात नसे.

भादव्यात बातमी आली, निजामानं हात टेकले. रझाकार पळाले, पुतण्याही पळाला. घरात राहिले म्हातारा लाडलेसाब आणि त्याची बायको चाँदबी. भर दुपारी शेजारचा वैजीनाथ काठ्या घेतलेले गडी जमवून तिकडं निघाला. मनकर्णा शेतात होती. कालवा ऐकताच ती हातातल्या विळ्यासकट धावत सुटली. तिचं शेत पिंजाऱ्याच्या घरालगतच, म्हणून पोचली सगळ्यांच्या आधी.

धावली ती व्यंकटीचा सूड घ्यायला. दाराशी येईपर्यंत तिच्या मनात दुसरं काही नव्हतं.

दार आतून लावलेलं होतं. आत कोणीतरी खोकलं. आणि मनकर्णा दाराला पाठ लावून उंबरठ्यावर बसली.

"काकू, सरका," वैजीनाथ म्हणाला.

"न्हाई सरकत."

"तुमच्या भावाचा पाय मोडला यांच्या पोरानं!"

"मला सांगायलास व्हय? म्याच बांधलाय तो पाय."

"मग उठा की!"

"न्हाई उठत."

"आवो, पण कामून?"

"मला काय म्हाईत!" ती एवढ्या जोरात ओरडली की गडी एकमेकांकडं बघायला लागले. एका बाईला, तेही आपल्यातल्या, ओढून काढायचं कसं, हे कुणालाच उमजेना. वैजीनाथनं भिंतीवर काठी हाणली आणि तो फिरला. मागचेही पांगले.

संध्याकाळी नवरा भुजंगनं विचारलं, "त्यांनी काय दिलतं तुला?" पाणवठ्यावरची दगडाबाई म्हणाली, "अंगात आलं आसंल." चाँदबीनं तिचे हात धरले, "तू मेरी बहन है." मनकर्णानं हात सोडवून घेतले. बहीण कसली? कोंबडीवरून दोघींची भांडणं तर अजून मिटली नव्हती.

दया आली म्हणावं, तर राग तसाच होता. दुसऱ्याच दिवशी ती त्या दारासमोर पुन्हा थुंकली. भीती म्हणावी, तर भ्यायचं कुणाला?

पुढच्या आठवड्यात सेलूच्या बाजाराहून येताना वाटेतल्या एका वस्तीवर तिनं पेटलेलं घर पाहिलं. अंगणात एक बाई हंबरडा फोडत होती. मनकर्णानं डोईवरचं गठुडं सावरलं आणि ती चालत राहिली. घरी आल्यावर मात्र ती ताट बाजूला सारून बसली. उंबरठ्यावर का बसले, वस्तीवर का थांबले न्हाई? दोन्ही वेळा पाय आपलेच होते.

त्या दुपारपासून व्यंकटीनं तिच्याशी बोलणं टाकलं होतं. दिवाळीच्या सुमारास तो काठी टेकत आला आणि ओसरीवर बसला.

"आक्का, खरं सांग. तिथं बसलीस तवा मी आठवलो न्हाई का तुला?"

तिनं खूप आठवून पाहिलं. "तू न्हाई, लाडलेसाबबी न्हाई. कोणीच न्हाई आठवलं रे."

"मग कशापायी बसलीस?"

"तेच मी मला इचारायलेय."

व्यंकटीनं तिच्या तोंडाकडं बघितलं. खोटं बोलत असती तर त्याला कळलं असतं. खरं बोलत होती, तर ते खरं म्हणजे काय, तेही कळत नव्हतं.

"च्या टाक," तो शेवटी म्हणाला.

त्यानंतर तो पुन्हा येऊ-जाऊ लागला. लाडलेसाब आणि चाँदबी गावातच राहिले. मनकर्णा चाँदबीशी भांडायची तशी भांडत राहिली. त्या दुपारचं कुणी काढलं, की ती आपल्या पायांकडं बघत बसे.