आवाज बारीक ठेवणारा मधुकर

मधुकर गेल्याचा फोन आला तेव्हा मी पहिल्यांदा विचारलं, "नक्की ना?" बसमध्ये तिकिटं तपासण्यात हयात गेली, त्यामुळं मरणाच्या बातमीचाही पुरावा मागायची माझी खोड. पलीकडं त्याची मुलगी शोभा होती. "काका, आज तरी नका ओ असं विचारू," म्हणाली आणि रडायला लागली. महिना उलटला, ते वाक्य डोक्यातून जात नाही.

मधुकर माझा शाळेपासूनचा मित्र. पाली गावात पंपांच्या जळालेल्या मोटारी रिवाइंड करायचा आणि रीतसर परवाना काढून हौशी रेडिओ, म्हणजे घरबसल्या जगभरच्या हौशी लोकांशी संपर्क साधायचं यंत्र, चालवायचा. उतारवयात त्यानं तो रेडिओ कॉम्प्युटरला जोडला. त्यात माणसाचं बोलणं नाही, नुसती किणकिण, दर पंधरा सेकंदांनी पडद्यावर लांबलांबच्या स्टेशनांच्या ओळी उमटायच्या आणि हा बोट ठेवून सांगायचा, "हे ब्राझील. हे जपान." पत्र्याच्या खोलीत बसून ब्राझील! मला ते पचेना. त्यात रेडिओ आणि कॉम्प्युटरच्या मधे एक डबी होती, तिच्या मागचं आवाजाचं बटण तो अगदी खाली ठेवायचा. पडद्यावरची आवाज मोजणारी पट्टी जेमतेम हिरवी. मी विचारलं, "इतका बारीक कावून ठेवतो बे?" "वाढवला की जवळचे बोंबलतेत अन् दूरचे बुडतेत. कॉम्प्युटरचा कान लई नाजूक हाय," तो म्हणाला. मला वाटलं, काहीतरी लपवतोय. विनातिकीट माणूसही असाच हळू बोलतो. या ओळी आधीच भरून ठेवलेल्या असणार, असं मी मनाशी धरून बसलो.

एका रविवारी तो चहा सांगायला आत गेला आणि मी ते बटण पूर्ण फिरवलं. पट्टी लाल झाली. ब्राझील गेलं, जपान गेलं, जवळचं एकच स्टेशन तीन-तीन ठिकाणी दिसायला लागलं. म्हणजे खरं येतं ते एवढंच, ब्राझील खोटं! मला तर चोरी पकडल्याचा आनंद झाला! तेवढ्यात मधुकर कपबशा घेऊन आला आणि मी खिडकीबाहेर बघत बसलो. बटण जागेवर आणायला वेळ मिळाला नाही, की मनातच नव्हतं... अजून ठरवता येत नाही.

आपण हात लावला नाही म्हणजे बटण फिरलेलं नाही, एवढा त्याचा सरळ विचार. लाल पट्टी बघून त्याला वाटलं, कुणाच्या तरी पंपाच्या स्टार्टरची खरखर शिरतेय. आठ दिवस तो शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या विनवण्या करत फिरला, "पाच मिनिटं मोटार बंद करा." शेवटी एरियलची तार हलवायला पत्र्यावर चढला आणि उतरताना त्याचा पाय मुरगळला. मी मलम घेऊन गेलो, पाय चोळून दिला, पण तोंड उघडलं नाही. दुसऱ्या दिवशी तोच म्हणाला, "घावलं. बटण फिरलं होतं." मी म्हणालो, "उंदीर असंल." "असंल," म्हणाला आणि चहा ओतायला लागला. याला कळलंय का? चोराच्या मनात चांदणं. पुढची सहा वर्षं मी त्याच्या चेहऱ्यावर तेच शोधत राहिलो. कधी काही सापडलं नाही. आज लिहिताना लाज वाटते.

परवा शोभाकडं गेलो होतो. मधुकर असतानाच तिनंही परवाना काढला होता. पट्टी हिरवी होती, ओळी येत होत्या. मी निघालो, चपला घालताना मागं वळून पाहिलं, तर बोलता बोलता तिचा हात डबीमागं गेला आणि बटण चाचपून परत आला.

"काय बघती गं?"

"काही न्हाई काका, सवय लागली. तुमी गेले की बाबा आधी हे बटण बघायचे. मलाबी सांगून ठेवलंय."

"कवापासून?"

"त्यांचा पाय मुरगळला होता ना, तवापासून."

मी उंबऱ्यावरच बसलो. सहा वर्षं त्याला ठाऊक होतं... आणि तरी दर रविवारी "चहाला ये बे" म्हणून फोन त्याचाच यायचा.